विल्यम मार्शल आणि त्याचं घराणं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

विल्यम मार्शलबद्दल मी लिहायला-बोलायला लागले तेव्हापासून फिरून फिरून तेच वीसेक प्रश्न येतात. कुणाला मॅग्ना कार्टामुळे (इंग्लंडच्या राजाला लगाम घालणारी १२१५ ची सनद) त्याचं नाव कळलेलं असतं, कुणी लंडनला गेल्यावर त्याची दगडी मूर्ती बघून आलेलं असतं आणि कुणी फॅमिली ट्री काढायला बसून चौथ्या मिनिटाला चार विल्यम आणि तीन इझाबेलमध्ये अडकलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिली नाहीये, फक्त नंबर दिलाय.

१. हा विल्यम मार्शल नक्की कोण? थोडक्यात सांगा.

इंग्लंडचा सरदार, जन्म ११४६ किंवा ११४७ च्या आसपास, मृत्यू १४ मे १२१९. बापाचा चौथा मुलगा, म्हणजे जमीनजुमला वाट्याला येण्याची आशा जवळपास नाहीच. तलवारीवर आणि दिलेल्या शब्दावर वर आला, श्रीमंत वारसदारणीशी लग्न झालं, पेम्ब्रोकचा अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) झाला आणि सत्तरीत अख्ख्या इंग्लंडचा रीजंट, म्हणजे बालराजाच्या नावाने कारभार बघणारा. पाच राजांची चाकरी केली: यंग हेन्री (हा बापाच्या हयातीतच राज्याभिषेक झालेला), त्याचे वडील दुसरा हेन्री, मग रिचर्ड, जॉन आणि शेवटी तिसरा हेन्री.

२. मार्शल हे आडनाव आहे की हुद्दा?

आधी हुद्दा, मग आडनाव. आपल्याकडे नाही का कुलकर्णी, चिटणीस, फडणीस ही कामाची नावं घराण्याला चिकटली, अगदी तसंच. जुन्या जर्मॅनिक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘घोड्यांचा नोकर’, म्हणजे मुळात राजाच्या पागेचं काम, पण बाराव्या शतकापर्यंत तो दरबारातला मानाचा हुद्दा झाला होता. विल्यमचा आजोबा गिल्बर्ट हा पहिल्या हेन्रीचा मार्शल, मग बाप जॉन, मग थोरला सख्खा भाऊ जॉन आणि तो ११९४ मध्ये वारल्यावर विल्यम. तेव्हा हुद्दा त्याच्याकडे आला तोवर तो पन्नाशीला टेकलेला होता हे लक्षात ठेवा. हुद्द्याचं पुढे काय झालं ते प्रश्न १९ मध्ये.

३. आई-वडील, भावंडं?

वडील जॉन फिट्झगिल्बर्ट. ११४१ साली व्हेरवेलच्या मठात ते अडकले असताना शत्रूने मठ पेटवला, छताचं शिसं वितळून तोंडावर पडलं आणि एक डोळा गेला, तरी शरण आले नाहीत. पहिल्या बायकोपासून गिल्बर्ट आणि वॉल्टर हे दोन मुलगे. मग तिला सोडून सिबिलशी लग्न केलं, ती सॉल्सबरीच्या पॅट्रिकची बहीण. पॅट्रिकशी यांचं हाडवैर होतं, सोयरीक झाली आणि वैर मिटलं. सिबिलचे मुलगे जॉन, विल्यम, अ‍ॅन्सेल आणि हेन्री, शिवाय मुली. हेन्री चर्चमध्ये गेला आणि एक्सेटरचा बिशप झाला. विल्यमच्या आयुष्यात या मामाचं, पॅट्रिकचं, महत्त्व फार आहे, प्रश्न ६ वाचा.

४. बापाने त्याला ओलीस ठेवून वर ‘मारा खुशाल’ म्हटलं, हे खरं आहे का?

विल्यमच्या चरित्रात असंच आहे (चरित्राबद्दल प्रश्न १३). साल ११५२, देशात यादवी चालू, राजा स्टीफनने न्यूबरीच्या गढीला वेढा घातलाय. जॉनने तह करायला वेळ मागितला आणि तारण म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम दिला, आणि मिळालेल्या वेळात गढीत धान्य आणि माणसं भरून घेतली. राजाने पोराला फाशी देण्याची धमकी दिली तर उत्तर आलं की हातोडा आणि ऐरण दोन्ही माझ्याकडे आहेत, याच्याहून चांगले मुलगे घडवीन.

मला या गोष्टीत बापापेक्षा पोर जास्त दिसतं. त्याला फाशी द्यायला नेतायत आणि हा बाजूच्या अर्लच्या हातातला छान भाला बघून म्हणतोय, मला द्या ना तो. स्टीफनने त्याला उचलून घेतलं आणि परत छावणीत आणलं. पुढे एके दिवशी राजाच्या तंबूत जमिनीवर फुलं-पानं पसरलेली होती, त्यातली लांब देठाची, टोकाला तुरा असलेली रोपं पोराने वेचली आणि राजाला विचारलं, खेळता का माझ्याशी? एकाने देठ धरायचं, दुसऱ्याने आपल्या देठाने त्याचा तुरा उडवायचा. पहिला डाव पोराने जिंकला. ज्याला ओलीस मारायचा होता तो राजा जमिनीवर बसून त्याच्याशी नाइट-नाइट (नाइट म्हणजे चिलखत घालून घोड्यावरून लढणारा योद्धा) खेळतोय, हे चित्र मनातून जात नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, मोठेपणी विल्यमलाही राजा जॉनकडे स्वतःचे दोन मुलगे, विल्यम आणि रिचर्ड, ओलीस द्यावे लागले. तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल.

५. जमीन नाही, पैसा नाही, मग वर आला कसा?

टूर्नामेंट. पण आज डोक्यात येतं तसं दोन घोडेस्वार समोरासमोर आणि मध्ये कठडा, तसलं नव्हतं ते. दोन गावांमधल्या मोकळ्या रानात शेकडो नाइट्सच्या टोळ्या एकमेकांवर तुटून पडायच्या, जो पकडला जाईल त्याने घोडा, चिलखत आणि खंडणी देऊन सुटायचं. धंदाच होता तो.

हा धडा त्याला लाज वाटून मिळाला. नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या घरी, आईकडच्या नात्यातल्या माणसाकडे, तो शिकायला होता, तिथंच ११६६ च्या सुमारास नाइट झाला आणि ड्रिंकूरच्या लढाईत इतका बेभान लढला की स्वतःचा घोडा मेला, पण लुटीतलं काहीच घेतलं नाही. रात्री जेवणाच्या पंगतीत एका अर्लने हाक मारली, मार्शल, मला एक भेट दे ना, एखादी दुमची किंवा घोड्याचा जुना गळपट्टा. हा बिचारा म्हणतो, माझ्याकडे कधी नव्हतंच असलं काही. अर्ल म्हणाला, कसं नाही, आज तुझ्यासमोर चाळीस-साठ तरी घोडे होते! सगळे हसले. त्यानंतर त्याने घोडा सोडला असं फारसं झालं नाही. पुढे रोजर नावाच्या फ्लेमिश नाइटबरोबर पार्टनरशिप केली आणि दहाएक महिन्यांत दोघांनी मिळून १०३ नाइट पकडले, हिशेब ठेवायला कारकून होता म्हणून हा आकडा आज आपल्याला माहीत आहे. मरताना तो स्वतः म्हणाला की आयुष्यात पाचशे पकडले.

अजून एक. एका टूर्नामेंटनंतर बक्षीस म्हणून मोठा मासा याला द्यायचा ठरलं, शोधायला गेले तर हा लोहाराकडे सापडला, गुडघे टेकून, डोकं ऐरणीवर. मार खाऊन हेल्मेट इतकं चेपलं होतं की डोक्यातून निघेना, लोहार हातोडी-चिमट्याने वाकवून काढत होता. बक्षीस त्याला तिथंच सांगितलं.

६. राणी एलिनॉरशी त्याचा काय संबंध?

११६८ मध्ये तो मामा पॅट्रिकबरोबर फ्रान्समध्ये पोआतूला होता, राणी एलिनॉरच्या ताफ्याबरोबर. लुसिन्यान घराण्याच्या लोकांनी घात केला, चिलखत चढवायच्या आत मामाला पाठीमागून भाला मारला आणि विल्यमच्या डोळ्यांसमोर तो गेला. भाचा कुंपणाला पाठ लावून एकटा लढत राहिला, शेवटी कुंपणाच्या पलीकडून कुणीतरी मांडीत भाला खुपसला. कैदेत जखमेकडे कुणी बघेना. एका गढीत एका बाईला दया आली, तिने पाव आतून पोखरून त्यात मऊ कापडाच्या पट्ट्या भरून पाठवल्या. त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, मला ते नेहमी खटकतं. नंतर एलिनॉरने त्याची खंडणी भरली, घोडा-कपडे दिले आणि ११७० मध्ये तिच्या मुलाच्या, यंग हेन्रीच्या, ताफ्यात त्याची नेमणूक झाली. इथून त्याचं नशीब फिरलं.

७. यंग हेन्रीच्या बायकोशी त्याचं लफडं होतं का?

११८२ मध्ये दरबारातल्या काही जणांनी तसं उठवलं होतं हे चरित्रातच आहे. तिचं नाव मार्गारेट, फ्रान्सच्या राजाची मुलगी. नाताळच्या दरबारात विल्यमने जाहीर सांगितलं की आरोप करणाऱ्या तिघांशी ओळीने तीन दिवस लढतो, एकाकडूनही हरलो तर फाशी द्या. कुणी पुढे आलं नाही, पण राजाचं मनही वळलं नाही, आणि हा निघून गेला. बहुतेक अभ्यासकांना हे मत्सरातून आलेलं वाटतं, मलाही तेच पटतं, कारण काही महिन्यांतच त्याला परत बोलावलं आणि जून ११८३ मध्ये मरताना यंग हेन्रीने आपला क्रूसेडचा (ख्रिस्ती धर्मयुद्धाचा) झगा जेरुसलेमला न्यायचं काम याच्यावरच सोपवलं. बायकोच्या यारावर कुणी असं काम सोपवत नाही. तो गेला, दोनेक वर्षं पवित्र भूमीत राहिला आणि येताना रेशमी कापड घेऊन आला. ते कशासाठी, ते प्रश्न १४ मध्ये.

८. रिचर्ड द लायनहार्टला त्याने घोड्यावरून पाडलं होतं?

हो. जून ११८९, फ्रान्समधल्या ल मां शहराच्या बाहेर. रिचर्ड बापाविरुद्ध उलटलेला, म्हातारा आणि आजारी दुसरा हेन्री पळतोय, विल्यम मागे राहून त्याची पाठ राखतोय. रिचर्ड पाठलागावर आला तो चिलखत न घालता. समोर भाला बघून ओरडला, मला मारू नकोस, मी निःशस्त्र आहे. विल्यम म्हणाला, सैतानाने मारावं तुला, मी नाही मारणार, आणि भाला घोड्यात घातला.

काही आठवड्यांत हेन्री गेला आणि तोच रिचर्ड राजा झाला. सगळ्यांना वाटलं आता हा संपला. रिचर्ड म्हणाला, त्या दिवशी तू मला मारणार होतास. विल्यमचं उत्तर: मारायचं असतं तर भाला तुमच्यात घालणं घोड्यात घालण्याइतकंच सोपं होतं. रिचर्डने माफ तर केलंच, वर लग्न लावून दिलं.

९. बायको कोण होती? तिच्यामुळेच तो श्रीमंत झाला म्हणतात.

बरोबर म्हणतात. इझाबेल दे क्लेअर. वडील रिचर्ड दे क्लेअर, ज्यांना सगळे स्ट्राँगबो म्हणतात, आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची, डिअरमिड मॅकमरोची मुलगी. म्हणजे बापाकडून वेल्सच्या सीमेवरचं चेपस्टो आणि पेम्ब्रोकवरचा हक्क, आईकडून लेन्स्टर. ११८९ च्या उन्हाळ्यात लंडनला लग्न झालं, ती सतरा-अठराची, हा बेचाळीस-त्रेचाळीसचा. (त्याआधी दुसऱ्या हेन्रीने उत्तरेतल्या केंडलच्या हेलॉइझचं पालकत्व दिलं होतं, तिच्याशी लग्न करता आलं असतं पण केलं नाही.)

लग्न राजाने लावलेलं, पण तीस वर्षं टिकलं आणि दहा मुलं झाली. १२०७ मध्ये जॉनने विल्यमला आयर्लंडमधून बोलावून घेतलं तेव्हा इझाबेल गरोदर होती, तो जाण्याआधी किलकेनीला त्याने आपल्या सरदारांसमोर तिचा हात धरून सांगितलं, ही तुमची मालकीण, ही जमीन हिच्या हक्काची आहे, माझ्याकडे जे आहे ते हिच्यामुळे. आणि मागे लढाई झाली तेव्हा तिने किलकेनी राखलं. ती १२२० मध्ये गेली, नवऱ्यानंतर वर्षभरात.

चेपस्टोला गेलात तर किल्ल्याचा जुना लाकडी दरवाजा नक्की बघा. लाकडाच्या वलयांवरून तो ११९० च्या आधीचा निघालाय, म्हणजे या दोघांच्या संसाराच्या सुरुवातीचा, आणि १९६२ पर्यंत तो तिथं वेशीवरच होता. आता आत ठेवलाय.

१०. काही ठिकाणी पेम्ब्रोकचा पहिला अर्ल, काही ठिकाणी चौथा. कुठलं बरोबर?

दोन्ही, मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर आहे. ११३८ मध्ये इझाबेलच्या आजोबांना ही पदवी मिळाली होती, स्ट्राँगबोकडून ती राजाने काढून घेतली. आजोबांपासून घराण्याची ओळ धरली तर विल्यम चौथा. जॉनने राज्याभिषेकाच्या दिवशी, २७ मे ११९९ ला, त्याला नव्याने अर्ल केलं असं धरलं तर पहिला. त्यामुळे त्याची मुलं कुठे दुसरी ते सहावी, कुठे पाचवी ते नववी अशी दिसतात. मी इथं ‘पहिला’ धरून चाललेय. अजून एक घोटाळा: थोरल्या मुलाचं नावही विल्यम मार्शलच, त्यामुळे १२१९ नंतरचा विल्यम दिसला की तो मुलगा समजायचा.

११. मॅग्ना कार्टाच्या वेळी तो राजाकडे होता की बंडखोरांकडे?

राजाकडे, म्हणजे जॉनकडे. जून १२१५ च्या सनदेत राजाच्या सल्लागारांची जी यादी आहे त्यात बिगर-धर्मगुरूंमध्ये पहिलं नाव त्याचं. आणि सनद पाळली जातेय की नाही ते बघायला जे २५ बॅरन (मोठे जमीनदार सरदार) नेमले त्यात त्याचा थोरला मुलगा होता! बाप इकडे, मुलगा तिकडे. ठरवून केलं की खरंच मतभेद होते यावर वाद घालतात लोक, पण कुणीही जिंकलं तरी घर बुडणार नाही अशी सोय झाली हे तर दिसतंच.

त्याचं जॉनशी बरं होतं असं समजू नका. १२०५ मध्ये नॉर्मंडीतल्या जमिनी टिकवायला त्याने फ्रान्सच्या राजाला मुजरा केला आणि जॉन चिडला, मुलं ओलीस गेली (प्रश्न ४), आयर्लंडमध्ये राजाच्याच माणसांनी त्याच्या जमिनीत धुमाकूळ घातला. तरी शब्द दिला होता म्हणून सोडून गेला नाही.

१२. सत्तराव्या वर्षी खरंच लढाईत उतरला?

उतरला. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला तेव्हा लंडनसकट अर्धा देश फ्रान्सच्या राजपुत्र लुईच्या हातात, तिजोरी रिकामी, वारस नऊ वर्षांचा. ग्लॉस्टरला घाईत राज्याभिषेक केला, आधी पोराला नाइट केलं ते विल्यमनेच. रीजंट व्हायला सगळे गळ घालत होते, त्याने रात्रभर वेळ मागितला. चरित्रात आहे की शेवटी म्हणाला, सगळ्यांनी सोडलं तरी मी याला खांद्यावर बसवून बेटाबेटातून फिरेन, भाकर मागून खायची वेळ आली तरी. स्वतः ओलीस राहिलेला, एका राजाशी देठांनी खेळलेला तो पोरगा इथं दुसऱ्या पोराला खांद्यावर घ्यायला निघालाय.

पहिल्या काही आठवड्यांत त्याने केलं काय, तर ज्या मॅग्ना कार्टावरून यादवी पेटली तीच थोडी काटछाट करून परत काढली, नोव्हेंबर १२१६ मध्ये. राजाचा शिक्का नव्हता म्हणून त्यावर त्याचा स्वतःचा आणि पोपच्या प्रतिनिधीचा शिक्का आहे. बंडखोरांकडे भांडायला कारणच उरू दिलं नाही. १२१७ मध्ये अजून एकदा. आज मॅग्ना कार्टा जिवंत आहे त्यात या दोन वेळांचा वाटा फार मोठा आहे, आणि हे शाळेच्या पुस्तकात येत नाही याचं मला वाईट वाटतं.

मग २० मे १२१७, लिंकन. किल्ला निकोला दे ला हे नावाच्या बाईने राखून धरला होता, शहर शत्रूकडे. म्हातारा इतक्या घाईत निघाला की हेल्मेट घालायचंच विसरला, पोऱ्याने आठवण करून दिली. लढाईनंतर त्या हेल्मेटवर तीन खोल पोचे होते. ऑगस्टमध्ये सँडविचजवळ समुद्रावर फ्रेंच कुमक बुडवली आणि लुई दहा हजार मार्क घेऊन परत गेला.

१३. इतकं बारीकसारीक कसं माहीत? कथा तर नाहीत ना?

थोरल्या मुलाने बापाचं चरित्र लिहून घेतलं, १२२० च्या दशकात, फ्रेंच पद्यात, १९,२१४ ओळी. राजा किंवा संत नसलेल्या माणसाचं त्या काळातलं असं चरित्र मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. बरीच माहिती जॉन ऑफ अर्लीकडून आली, तो पोरवयापासून विल्यमच्या पदरी होता आणि शेवटी उशाशी होता. हस्तलिखित एकच उरलं. पॉल मेयर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने ते १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात ओझरतं बघितलं, विकलं गेलं आणि गायब, मग वीस वर्षांनी एका खाजगी संग्रहात परत सापडलं. आता न्यूयॉर्कला मॉर्गन लायब्ररीत आहे.

विश्वास किती ठेवायचा? मुलाने पैसे देऊन लिहून घेतलेलं आहे, बापाची पडती बाजू झाकणारच. थोरला मुलगा २५ बॅरनमध्ये होता ते तर जवळपास गिळून टाकलंय. तारखा, सनदा, लढाया इतर कागदांशी जुळतात, संवाद मात्र आठवणीतून आलेले समजा.

१४. तो टेम्पलर होता का? लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये समाधी आहे म्हणून विचारतो.

टेम्पलर म्हणजे साधूंसारखं व्रत घेऊन लढणाऱ्या नाइट्सचा पंथ. आयुष्यभर नाही, शेवटी झाला. जेरुसलेमला असताना त्याने टेम्पलरांना वचन दिलं होतं की मरण त्यांच्यात घेईन, आणि ते रेशमी कापड आणलं होतं ते स्वतःच्या तिरडीवर घालायला. तीस-पस्तीस वर्षं कुणाला दाखवलं नाही.

१२१९ च्या मार्चमध्ये दुखणं वाढलं तेव्हा टेम्स नदीतून त्याला रेडिंगजवळ कॅव्हरशमला आपल्या घरी आणलं. टेम्पलरांचा पांढरा झगा त्याने वर्षभर आधीच गुपचूप शिवून ठेवला होता. टेम्पलर झालं की बाईला स्पर्श नाही, म्हणून इझाबेलला जवळ बोलावलं आणि म्हणाला, आता एकदा मुका घे, परत कधीच घेता येणार नाही. दोघं रडली. एके दिवशी गावंसं वाटायला लागलं, इतक्या वर्षांत असं वाटलं नव्हतं म्हणे, पण लोक वेडा म्हणतील म्हणून गायला नाही, मुलींना बोलावलं. मॅटिल्डा गायली, मग धाकटी जोअन लाजत लाजत गायली आणि याने तिला ते कसं म्हणायचं ते समजावून सांगितलं.

एका कारकुनाने सुचवलं की घरात ऐंशी भारी झगे आहेत, विकून आत्म्याच्या मुक्तीसाठी दान करा. तो भडकला. ते झगे पेंटेकॉस्टच्या सणाला त्याच्या नाइट्सना द्यायचे होते, दरवर्षी देत असे, आणि ही शेवटची वेळ. ते नाइट्सनाच गेले.

पुरलं टेम्पल चर्चमध्ये. मूर्ती आजही आहे, १९४१ च्या बॉम्बिंगमध्ये खूप भाजली आणि फुटली, तरी ओळखू येते.

१५. मुलंबाळं किती? यादी द्या.

पाच मुलगे. विल्यम (मृत्यू १२३१), रिचर्ड (१२३४, आयर्लंडला करॅघच्या लढाईत जखमी होऊन), गिल्बर्ट (१२४१), वॉल्टर (नोव्हेंबर १२४५), अ‍ॅन्सेल्म (डिसेंबर १२४५). पाचही जण ओळीने अर्लपदाचे वारस, एकाच्याही मागे औरस मूल नाही. गिल्बर्टची गोष्ट वाचताना पोटात कालवतं, तो मूळचा चर्चमध्ये जाणारा, भाऊ मेले म्हणून अर्ल झाला, टूर्नामेंटला गेला तर घोड्याचा लगाम तुटला, पाय रिकिबीत अडकला आणि फरफटत गेला. ज्या खेळाने बाप वर आला त्याच खेळात.

पाच मुली: मॅटिल्डा, इझाबेल, सिबिल, ईव्हा, जोअन. लग्नं अशी. मॅटिल्डा नॉरफोकच्या अर्लला, मग सरेच्या अर्लला. इझाबेल ग्लॉस्टरच्या अर्लला, तो वारल्यावर राजाच्या सख्ख्या भावाला, कॉर्नवॉलच्या रिचर्डला. सिबिल फेरर्स घराण्यात, तिला सात मुलीच. ईव्हा विल्यम दे ब्रिओझला, ज्याला वेल्सच्या लेवेलिनने १२३० मध्ये फासावर दिलं. जोअन वॉरिन दे मुंशांसीला.

१६. मुलगे बिशपच्या शापाने मेले हे खरं का?

गोष्ट तेव्हाची आहे, मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूने त्याच शतकात लिहिलेली. आयर्लंडमध्ये फर्न्सच्या बिशपच्या दोन जमिनी विल्यमने दाबल्या, बिशपने त्याला बहिष्कृत केलं, तो मेल्यावर राजाने शाप उठवायला सांगितलं. बिशप म्हणाला, मुलांनी जमीन परत द्यावी. मुलांनी नाही दिली. मग तो म्हणाला, एका पिढीत नाव बुडेल. गोष्ट लिहिली गेली तेव्हा नाव बुडालेलंच होतं, म्हणून शाप बघताना हे ध्यानात घ्या. पण जमिनीचं भांडण खरं होतं, आणि आयर्लंडच्या बाजूने बघितलं तर हा आदर्श नाइट आपल्या जमिनीवर आलेला परका मालकच होता. ते विसरून त्याच्यावर प्रेम करणं मला जमत नाही.

१७. मुलगे नाहीत तर एवढी प्रॉपर्टी गेली कुठे?

मुलींना. तिथला कायदा असा की मुलगा असेल तर सगळं थोरल्याला, मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखं. १२४७ मध्ये वाटणी झाली तेव्हा पाचपैकी एकटी मॅटिल्डाच हयात होती, बाकीच्यांच्या वाटा त्यांच्या मुलांना. एकट्या लेन्स्टरचे पाच तुकडे: मॅटिल्डाला कार्लो, इझाबेलच्या मुलाला किलकेनी, सिबिलच्या मुलींना किल्डेअर, ईव्हाच्या मुलींना डनामेजची बाजू, जोअनच्या वारसांना वेक्सफर्ड. सिबिलच्या वाटणीचे पुन्हा सात. पेम्ब्रोक जोअनकडून तिच्या मुलीला आणि तिच्याबरोबर तिच्या नवऱ्याला, विल्यम दे व्हॅलेन्सला. वर विधवा भावजयांचे हक्क होतेच, त्यातली एक इतकी भांडली की त्याला वेगळा प्रश्न द्यावा लागला.

१८. सायमन दे मोंफोर्टचा या घराशी काय संबंध?

थोरल्या मुलाची, म्हणजे धाकट्या विल्यमची, दुसरी बायको एलिनॉर, राजा जॉनची मुलगी. नवरा मेला तेव्हा ती पंधरा-सोळाची. १२३८ मध्ये तिने सायमन दे मोंफोर्टशी लग्न केलं. मार्शल घराच्या आयर्लंड-वेल्समधल्या जमिनीतला तिचा विधवेचा हिस्सा वर्षाला ४०० पौंडांवर तोडला होता, तो कमी ठरवला असं दोघांचं कायम म्हणणं. पुढे सायमनने राजाविरुद्ध बंड केलं त्याच्या तक्रारींत हे पैसे सारखे येतात.

१९. आज मार्शल घराणं आहे का? आणि ‘अर्ल मार्शल’ म्हणजे तेच का?

बापाकडून मुलाकडे अशी औरस ओळ १२४५ ला संपली. विल्यमच्या थोरल्या भावाचा एक अनौरस मुलगा होता, जॉन, त्याच्यापासून नॉरफोकमधल्या हिंगमचे मार्शल काही पिढ्या चालले. आज मार्शल आडनावाचा माणूस भेटला म्हणजे तो या घरातला असं मुळीच नाही, हुद्दा खूप जणांकडे होता.

हुद्दा वेगळा प्रवास करतो. १२४६ मध्ये तो थोरली मुलगी म्हणून मॅटिल्डाला मिळाला आणि तिच्याकडून मुलगा रोजर बिगॉडला, नॉरफोकच्या अर्लला. नंतर हात बदलले, पण नॉरफोकशी नातं राहिलं, १६७२ पासून नॉरफोकच्या ड्यूककडे तो वंशपरंपरेने आहे. २०२२ मधला राणीचा अंत्यविधी आणि २०२३ चा राज्याभिषेक ज्यांनी आखला ते याच हुद्द्याने.

२०. रॉबर्ट द ब्रूस आणि आत्ताचा राजा चार्ल्स त्याचे वंशज कसे?

मुलींकडून. विल्यमची मुलगी इझाबेल, तिची मुलगी इझाबेल दे क्लेअर (आजीचंच नाव, इथंच सगळे चुकतात), ती स्कॉटलंडच्या ब्रूसांकडे दिली, तिचा मुलगा रॉबर्ट, त्याचा मुलगा राजा रॉबर्ट द ब्रूस. म्हणजे विल्यमचा खापरपणतू. ब्रूसच्या मुलीकडून स्टुअर्ट राजे.

दुसरी वाट ईव्हाची. तिची मुलगी मॉड मॉर्टिमरांकडे दिली, मॉर्टिमरांची ओळ अ‍ॅन मॉर्टिमरपर्यंत, तिचा मुलगा यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, त्याचा मुलगा चौथा एडवर्ड, त्याची मुलगी एलिझाबेथ सातव्या हेन्रीला दिली. तिची मुलगी मार्गारेट स्कॉटलंडला दिली आणि तिच्या पणतूमध्ये, सहाव्या जेम्समध्ये, दोन्ही वाटा एक होतात. आत्ताचा राजा त्याच्याच ओळीतला.

आमच्या घरी भिंतीवर वंशावळ लावलीय, त्यात फक्त पुरुषांची नावं, माझी आजी त्यात नाही, आत्या नाहीत. तसा कागद विल्यमचा काढला तर पाच नावं आणि खाली कोरं. म्हणून कुणी फॅमिली ट्री काढायला मदत मागितली की मी आधी मुली लिहायला लावते.

२१. मॅटिल्डाबद्दल अजून काही सांगाल?

हा प्रश्न कमी येतो, पण मला सगळ्यात आवडतो. बापाच्या उशाशी गायलेली ती हीच. पाच भाऊ आणि चारही बहिणी तिच्या आधी गेल्या, हुद्दा तिच्याकडे आला, चेपस्टो तिच्या वाट्याला आलं, आणि हे सगळं जेमतेम दोन वर्षं. मार्च १२४८ मध्ये ती वारली. तिला वेल्समध्ये टिंटर्नच्या मठात नेलं, जिथं तिची आई इझाबेल आहे, आणि तिची पेटी तिच्या चार मुलांनी, तीन बिगॉड आणि एक वॉरेन, स्वतः खांद्यावरून आत नेली.